एका निळीचं तळं

एकदा काय झालं, एका राजाचं तळं रुसून निघून गेलं. सकाळी बघतात तर नुसता चिखल. मग राजानं दवंडी पिटली, वाड्याच्या भिंतीवर तळ्याचं असं चित्र काढा की ते बघून तळ्याला परत यावंसं वाटेल.

गावात एक मोठा चितारी होता, रुद्राजी. त्याच्याकडे सात शिंपल्यांत सात रंग. मुलीला, येसूला, त्यानं एकच शिंपला दिलेला. निळीचा. का, तर म्हणे तुझ्या भल्यासाठी. मोठी माणसं असं म्हणाली की जरा सावध राहावं, बरं का.

पोरं येसूला ‘निळी’ म्हणून चिडवायची. तिला लाज वाटायची. मग ती दारामागे बसून चित्रं काढायची. कुंचला धुतलेलं पाणीसुद्धा कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या शिंपल्यात लपवायची. एक दिवस बघते तर तीही नीळच, पण फिकी. मग तिसरी, आणखी फिकी. असे एकवीस शिंपले झाले.

इकडे रुद्राजीनं भिंतीवर कमळं काढली. तळं आलं नाही. मग हंस काढले. नाही आलं. मग नावेत बसलेला राजा काढला. राजा खूश झाला, पण तळं काही आलं नाही.

लेकरं तहानेनं रडायला लागली. मग येसू शिंपले पदराखाली झाकून, मान खाली घालून आली. तिनं नुसतं पाणी काढलं. काठाला फिकं, मध्ये गडद. शेवटचा हात फिरला आणि सगळ्यांच्या पायांना ओल लागली. तळं आलं होतं.

राजानं विचारलं, कुणी शिकवलं?

“मीच,” रुद्राजी म्हणाला. “म्हणून तर एकच रंग दिला.”

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. येसूला पुन्हा लाज वाटली. या वेळी बापाची.

मग रुद्राजी पाणी प्यायला वाकला. पाणी हातभर मागं सरकलं. तो पुढं गेला, पाणी आणखी मागं. तिसऱ्यांदा तो चिखलात गुडघ्यांवर पडला, सगळ्या गावासमोर.

तसाच बसून म्हणाला, “खोटं बोललो. ही माझ्यापुढं जाईल म्हणून सहा रंग लपवले.”

मग पाणी आपणहून त्याच्या ओंजळीत आलं.

घरी त्यानं सहाही शिंपले तिच्यापुढं ठेवले. वर बघवेना त्याला. येसूनं लाल तेवढा उचलला.

“हा किती फिका होतो ते बघायचंय, आबा. कुंचला धुवायला पाणी आणा.”

मग मोठा चितारी घागर घेऊन भर गावातून तळ्यावर गेला. रोज जायला लागला.

गाव पोटभर पाणी पिऊन सुखात राहिलं. तुमचंही पिऊन झालं ना? मग पेला पालथा घाला, आणि झोपा.