हाक न देणारा पावशा

लहानपणी बांधावर ऐकलेला पावशाचा आवाज मला अजून आठवतो. पेरते व्हा, पेरते व्हा. त्या पक्ष्याची ही गोष्ट.

जेतवन विहारात नंदिय नावाचा शेतकरी शास्त्यांपुढे, म्हणजे भगवान बुद्धांपुढे, बसला होता. त्याच्या गावाकडचे ऋतू बिघडले होते. यंदा पाऊस येईल असे एकदा म्हणा, एवढेच तो मागत होता. शास्ते त्याला एक जुनी गोष्ट सांगू लागले.

पूर्वी काशीदेशी सुसीम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पावशा होऊन जन्मले. एका गावाच्या आंब्यावर ते राहत. त्यांची हाक ऐकल्याशिवाय तिथे कोणी मूठभर बीही टाकत नसे. हाक आली की त्याच दिवशी सगळे पेरत.

पुढे उन्हाळे लांबत गेले. हाकेनंतरही पेरण्या करपू लागल्या. शेवटी बियाण्याची एकच थैली उरली. ती कुंडला नावाच्या म्हातारीकडे होती.

मृगात ढग आले. हाक बोधिसत्त्वांच्या चोचीपर्यंत आली. पलीकडच्या झाडावर एक मादीही जोडीसाठी त्याच हाकेची वाट पाहत होती. पण वाऱ्यात ओल नव्हती. ते गप्प राहिले.

सोणक नावाचा तरुण शेतकरी खाली आला. "आमच्या झाडावर फुकट राहतोस, आणि वेळेला तोंड शिवून बसतोस होय रे?" म्हणत त्याने दगड मारला. पंख मोडला.

कुंडलाने त्याला मागे सारले आणि वर पक्ष्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, एकदा हाक दे. नाही पिकलं तरी चालेल. माणसं नुसती बसून आहेत, ते बघवत नाही."

"आजी, मी हाक दिली तर तू थैली सोडून शेवटचं बीही पेरशील."

"मग पाऊस कधी?"

"पूर्वी मला कळायचं. आता कळत नाही."

म्हातारी खोडाला टेकून रडू लागली. बोधिसत्त्व कसेबसे खालच्या फांदीवर उतरले आणि तिच्याजवळ बसून राहिले. मादी उडून गेली. ढगही गेले.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गाव उठले. कुंडलाने थैली पाठीला बांधली. बी जिवंत होते, पण ते पेरायला जमीन कुठे मिळेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. बोधिसत्त्वांनी त्याच झाडाखाली देह ठेवला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "नंदिया, तेव्हाचा सोणक तू होतास. कुंडला म्हणजे तुझी आई. पावशा मी. खोटा धीर द्यायचा नाही आणि दुःखी माणसाजवळून उठायचेही नाही, ही तेव्हाची माझी करुणेची साधना."

"ते खरं," नंदिय म्हणाला. "पण यंदा येईल का?"

शास्त्यांनी हो म्हटले नाही; ते त्याच्याजवळ सरकून बसले. नंदियने उपरणे खांद्यावर टाकले आणि तो निघून गेला.