पेटीतला रहाट

राज्यांना सीमा होत्या पण नकाशे नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून गप्प बसू नये.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. नदी मात्र खाली, खोल दरीत. पाणी आणायचं तर कड्यात खोदलेल्या तीनशे पायऱ्या उतरायच्या आणि भरली घागर डोक्यावर घेऊन तेवढ्याच चढायच्या. दर पावसाळ्यात एखादी बाई पाय घसरून दरीत जायची.

त्या गावच्या येसाजी सुताराची थोरली बहीण अशीच गेली. त्यानंतर तीन वर्षं तो लाकडाशी झटत राहिला आणि शेवटी त्याने कड्यावर एक रहाट उभा केला. लांब दोरावर लोट्यांची माळ, वर दातेरी चाकं आणि ती फिरवायला एक बैलजोडी. चाकांची रचना अशी, की बैल थांबले तरी भरलेली माळ मागे घसरत नसे. पाणी वर आलं त्या दिवशी बाया नुसत्या बघत राहिल्या. एकीला तर रडूच फुटलं.

दहा गावांचे सुतार बघायला आले. येसाजी म्हणाला, “मोजून घ्या. खोलून बघा. काही सुधारता आलं, तर मलाही सांगा.”

पलीकडच्या गावच्या राणोजी सुताराने चाकाचे दात तिरके कापून पाहिले. रहाट हलका फिरू लागला. तो चार कोस चालत आला आणि येसाजीला ती युक्ती शिकवून गेला. अशी भर पडत गेली.

येसाजीची बायको तानू एकदा म्हणाली, “अहो, देताय ते चांगलंच. पण घेणाऱ्याला एवढं तरी सांगा, की त्यानंही पुढच्याला असंच खोलून दाखवायचं.”

येसाजी हसला. “अट घालून दिलं, तर ते देणं कसलं गं?”

तानू घागर उचलून आत गेली.

मग राजधानीतल्या एका मोठ्या पेढीचा शेट आला. गोड बोलला, रहाटाभोवती तीनदा फिरला आणि म्हणाला, “मीही नेऊ का ही रचना?”

“न्या की. सगळ्यांचीच आहे,” येसाजी म्हणाला.

वर्षभरात पेढीचे रहाट गावोगाव आले. चाकं लोखंडी, गुळगुळीत, एका काळ्या पेटीत बंद केलेली. पहिलं वर्ष फुकट. लाकडी रहाटाला दर महिन्याला काही ना काही डागडुजी लागायची, याला काहीच नको. फक्त दर अमावास्येला पेढीचा माणूस यायचा आणि पेटीच्या भोकात किल्ली घालून फिरवायचा. “तेलपाणी करतो,” एवढंच सांगायचा.

गावं खूश झाली. जुने रहाट मोडून चुलीत गेले, येसाजीच्या गावचाही. पायऱ्यांकडे कुणी फिरकेना, त्यांवर करवंदीच्या जाळ्या माजल्या. मग पेढीने राजाकडून हुकूम मिळवला : पेटी पेढीच्याच माणसाने उघडायची, दुसऱ्या कुणी उघडली तर तो गुन्हेगार.

राणोजी संतापून आला. “येसाजीदादा, त्या पेटीत तुझी चाकं आहेत. माझे तिरके दात आहेत. आणि माझ्याच गावात मला तिला हात लावायची चोरी!”

दोघे राजधानीत गेले. शेटने त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “देताना तुम्ही काही अट घातली होती का?”

“नाही,” येसाजी म्हणाला. परतीच्या वाटेवर राणोजी त्याला मागे टाकून एकटाच पुढे निघून गेला.

काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात अमावास्या आली, पण पेढीचा माणूस आला नाही. चौथ्या दिवशी रहाट अडकला. बैलांनी जोर लावला, त्यांच्या खांद्यांची सालं निघाली, पण चाक हलेना. पाटलांनी राजधानीत माणूस धाडला. तो निरोप घेऊन आला : “त्या घडणीचे रहाट आम्ही आता पाहत नाही. नवे घ्या.”

तरणी माणसं जाळ्या तोडत, ढासळलेल्या पायऱ्यांवरून जेमतेम पिण्यापुरतं पाणी आणू लागली. घराघरातले रांजण कोरडे पडले.

अशा एका रणरणत्या दुपारी खालच्या आळीत आग लागली. गवताची छपरं, वर वारा. आग एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारत निघाली.

येसाजी कुऱ्हाड घेऊन रहाटाकडे धावला. पाटील आडवे आले.

“येसाजी, राजाचा हुकूम आहे! पेटी फोडलीस, तर सगळ्या गावाला भोगावं लागेल.”

“पाटील, गाव उरलं तर भोगेल ना!”

“आधी पंचांना विचारू...”

पंच जमले. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. एकाने विचारलं, पेढीवाले रागावले तर नवा रहाट देतील का? तोवर आणखी एक आळी पेटली. शेवटी येसाजीने पाटलांना ढकललं आणि पेटीवर घाव घातला.

आत त्याचीच चाकं होती, राणोजीचे तिरके दात होते. फक्त एक वाकडा लोखंडी आकडा नवा होता. किल्ली फिरवली नाही, तर महिन्याभराने खाली यायचं आणि चाक धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तेलाचा पेटीत थेंबही नव्हता.

येसाजीने आकडा तोडला. बैल चालू लागले, पाणी वर आलं. पण तोवर दोन आळ्यांची राख झाली होती. सतरा माणसं गेली. त्यांत तानूही होती. शेजारच्या आंधळ्या म्हातारीला बाहेर काढायला ती आत शिरली होती.

महिन्याभरात राजाचे शिपाई आले. पेढीने दरबारात सांगितलं, की गावकऱ्यांनी पेटीशी खेळ केला, म्हणून रहाट अडकला. पाटलांना विचारलं, तर ते खाली बघत म्हणाले, “पेटी फोडली, हे खरं.” आधी काय घडलं, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. येसाजीला शिक्षा झाली : या राज्यात त्याने पुन्हा करवत-रंधा हातात धरायचा नाही.

फोडलेला रहाट शिपायांनी उचलून नेला. पेढीने नवा आणून बसवला, त्याची पेटी पहिल्यापेक्षा दुप्पट जाड. गावाने तो मुकाट्याने घेतला. तहान कुणाला चुकली आहे?

नव्या रहाटाचं पाणी पहिल्यांदा वर आलं, तेव्हा येसाजी कड्याशी बसला होता. एका बाईने तांब्या त्याच्यापुढे धरला. त्याने तो तोंडाला लावला, कारण गावात दुसरं पाणी नव्हतं.

बोध : सर्वांसाठी म्हणून दिलेली गोष्ट सर्वांचीच राहील हे पाहणं, हाही देण्याचाच भाग आहे.