डाव्या पायाची पट्टी

एकदा एक वृद्ध अस्थिवैद्य होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. शहरातून फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेला, बुद्धिमान, पण जरा घाईचा. विद्या ताजी असली की माणसाला बोलायची घाई होतेच, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एके सकाळी वैजयंता नावाची मुलगी आली. पोलीस भरतीची धावण्याची चाचणी बारा दिवसांवर होती आणि वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी. दोन महिन्यांपूर्वी सरावात तिचा उजवा गुडघा मुरगळला होता. तेव्हापासून ती त्यावर घट्ट नी-कॅप चढवूनच धावत असे, तरी वेळ काही सुधारेना. शिष्याने गुडघा चाचपला आणि याहून भक्कम, बाजूंना सळ्या असलेला ब्रेस घ्यावा असे सुचवले.

आबांनी तिला अंगणात चालायला लावले, मग तिचे बूट उलटे करून पाहिले. उजव्या गुडघ्यावरची नी-कॅप उतरवून बाजूला ठेवली, लांब लवचिक पट्टी घेतली आणि ती तिच्या धडधाकट दिसणाऱ्या डाव्या पायावर, घोट्यापासून वर पोटरीपर्यंत गुंडाळायला सुरुवात केली.

आबांचे वय झाले, असे शिष्याला वाटले. दुखरा पाय उजवा आहे, असे त्याने हळूच सांगून पाहिले. वैजयंताचा तर चेहराच उतरला. आपली नोकरी आपण कुणाच्या हाती दिली, असे तिला वाटले असणार.

आबांनी शिष्याचा अंगठा धरला आणि डाव्या पोटरीवर एके ठिकाणी दाबला. पोर कळवळली. तिथे दुखते, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

"उजवा केव्हाच बरा झालाय, पोरी," आबा म्हणाले. "पण तू त्याला भितेस. दोन महिने तुझा सगळा भार हा डावा वाहतोय. बूट बघ, डाव्याचा तळ झिजलाय, उजव्याचा जवळजवळ कोरा आहे. जो दुखला त्याला सगळ्यांनी जपलं. ज्यानं कुरकुर केली नाही, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. आता चार दिवस पळू नकोस. मग उजव्याला त्याचं काम हळूहळू परत दे."

त्या पोटरीवरचा हात शिष्याला उचलवेना. एक अवयव दुसऱ्याचे ओझे आपणहून उचलतो आणि त्याचा पत्ताही लागू देत नाही! पुस्तकांत त्याने स्नायूंची नावे पाठ केली होती. या देहाची थोरवी त्याला त्या दिवशी कळली.

बाराव्या दिवशी वैजयंता धावली आणि ठरलेल्या वेळेत पोहोचली. शेवटच्या वळणावर म्हणे तिने न भिता उजव्या पायावर जोर दिला.

आपल्या घरात आजारी कोण, हे आपण सारेच जाणतो. त्याला रोज उठवून बसवणारीला आज जाऊन विचारा, तुझं कुठं दुखतंय?