पाणी न पिणारी पाहुणी

या, सरका जवळ. मंग्या, तू आधी उशीखालची ती गोड गोळी बाहेर काढ. मला वास येतो, म्हातारी झाले म्हणून नाक नाही गेलं माझं. ठेव तिथं कोनाड्यात. आणि मी सांगत असताना हुंकार द्यायचा, नाहीतर मी गोष्ट अर्ध्यावर टाकून घोरायला लागेन.

तर लांब तिकडं एक माळ होता. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं कुसळ. त्या माळावर एकच खोपट होतं धनगराचं. धनगराचं नाव बिरू, त्याची बायको झुंबर, आणि त्यांची एकुलती एक पोर राही, सहा वर्षांची. दिवाळी झाली की बिरू दोन-चार मेंढ्या-कोकरं घरी ठेवून बाकीची मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरायचा, तो पाऊस तोंडावर आला की परत यायचा. मधले सगळे महिने मायलेकी दोघीच. जाताना तो दर वर्षी एकच सांगायचा, "पोरीला जप." आणि झुंबर जपायची हो, डोळ्यांत तेल घालून जपायची.

राही होती किडकिडीत. भाकरीला नाक मुरडायची, दुधाला तोंड वाकडं करायची. झुंबरचा जीव तुटायचा. पोरीच्या अंगाला लागत नाही, लागत नाही, हाच घोर तिला दिवसभर.

मग एकदा काय झालं, भर दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. माळावर लांबून माणूस येताना दिसतं, पण ही येताना दिसलीच नाही. पांढरं लुगडं, पांढरे केस, आणि तोंड कसं, तर उन्हात चकचक करणारं. एवढ्या उन्हातून आलेली, पण घामाचा थेंब नाही. झुंबरनं घोंगडं अंथरलं. माळावरची रीत अशी, की कोणीही येवो, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. बाकी बोलणं मागनं.

बाईनं गूळ खाल्ला. बोटंसुद्धा चाटली. पाण्याला मात्र हात लावला नाही.

झुंबर म्हणाली, "पाणी घ्या की, बाई. घसा कोरडा पडला असंल."

"पाणी नको. मला पाण्याचं वावडं आहे."

आता बघा, इथंच झुंबरनं ओळखायला हवं होतं. पाण्याचं वावडं असलेलं माणूस ऐकलंय का तुम्ही कधी? पण तिचं लक्ष राहीकडं, पोरगी दुधाचा पेला तसाच ठेवून उठली होती. बाईनं ते बघितलं. तिनं कमरेची एक छोटी डबी काढली. म्हणाली, "तुझा गूळ खाल्ला, काही द्यायला हवं. ही साखर. पोरीच्या दुधात रोज एक चिमूट घाल. डबी कधी संपायची नाही. पोरगी पुरती गोड झाली की मी येईन." एवढं बोलून ती निघाली. तिच्या चालण्याचा आवाज येत होता, करकर, करकर. कोरड्या वाळूवरून चालल्यासारखा.

मग झुंबरनं एक चिमूट दुधात घातली. राहीनं पेला एका दमात रिकामा केला आणि ओठावरून जीभ फिरवली. झुंबरला आभाळ ठेंगणं झालं. पोरगी दूध प्याली, आईला आणखी काय हवं?

आठ दिवसांनी राही म्हणाली, "आये, दूध अळणी लागतंय." झुंबरनं दोन चिमटी घातल्या. मग दुधाला तीन, भाकरीवर दोन, आमटीत दोन. वाढत वाढत दिवसाच्या बारा चिमटी झाल्या, बरं का. पोरगी रडली की चिमूट, रुसली की चिमूट. ओढ्याकाठची बोरं पिकली, राहीनं एक चावलं आणि थुंकलं. "पचपचीत आहे." हुरडा भाजला, तोही पचपचीत. मेंढीच्या दुधाला तर ती मातीचं पाणी म्हणाली.

आणि एक दिवस काय झालं, खोपटातल्या मुंग्या निघाल्या. उंबऱ्याखालून रांग लागली, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. डबीच्या बाजूनं गेल्या, पण एकीनंही तिकडं तोंड वळवलं नाही. झुंबर म्हणाली, "बरं झालं, ब्याद टळली." वेडी. साखर उघडी असताना मुंग्या घर सोडून जातात, तेव्हा बरं नसतं झालेलं. मग माश्या येईनाशा झाल्या. मग कुत्रा राहीला बघून दाराबाहेर बसायला लागला, आणि कोकरं तिच्या हातातला पाला खाईनात.

एका सकाळी झुंबरनं तिला न्हाऊ घालायला घेतलं. राही ओरडायला लागली, "पाणी नको, पाणी नको." हट्टच म्हणायचा, दुसरं काय. झुंबरनं तिचा हात धरून बादलीत बुडवला आणि बाहेर काढला. हातावरच्या रेघा गेल्या होत्या. तळवा कसा, गुळगुळीत. झुंबरनं बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोड लागलं.

मग तिला आठवलं. पाहुणी म्हणाली होती ना, पुरती गोड झाली की येईन. कशाला येणार, ते झुंबरला आत्ता कळलं.

तिनं डबी उचलली आणि उकिरड्यात खोल पुरली. परत येऊन बघते तर राही भिंतीला टेकून ताठ बसलेली, डोळ्यांची पापणी हलेना, आणि नाकातोंडातून माती येतेय. धावत जाऊन डबी उकरली, तेव्हा पोरीनं श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी झुंबरनं डबी ओढ्यात टाकली. घरी आली तर राहीच्या करंगळीचं नख विरघळून गेलेलं, अंगाखालचं घोंगडं चिकट. पुन्हा पाण्यात उतरून डबी काढली. तिसऱ्या दिवशी चुलीत घातली. तर पोरीचं अंग तापलं, आणि खोपटभर करपलेल्या पाकाचा वास सुटला. झुंबरनं हात भाजत डबी ओढून काढली आणि कपाळाला हात लावून बसली. डबी आणि पोर आता एकच झाली होती.

घाबरला का रे? मग ये इकडं, धर माझा पदर. पण मधे बोलायचं नाही.

मग झुंबर मुंग्यांच्या मागावर निघाली. बांधापलीकडं एक वारूळ होतं. तिथं जाऊन बसली, पदर पसरला आणि म्हणाली, "तुम्ही मला सोडून गेलात, ते बरोबर केलंत. पण माझी एकच पोर आहे. तिला सोडवा."

भोकातून आवाज आला. म्हातारा आवाज, बारीक. कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. "झुंबर, तू एकदम फेकायला गेलीस. आम्ही कधी काही एकदम नेतो का? एकेक कण नेतो. जशी चढवलीस तशी उतरव. रोज एक चिमूट कमी. अर्ध्यावर आलीस की पोरीला तहान लागंल, ती खूण. पण जपून. आजपासून तेराव्या दुपारी पाहुणी येणार. तोवर पोरगी तुझी झाली तर तुझी, नाहीतर तिची."

झुंबर घरी आली. पहिल्या दिवशी अकरा चिमटी घातल्या. मग दहा, मग नऊ. राही रडायची, पण फार नाही. झुंबरला वाटलं, सोपं आहे की हे. सहाव्या दिवशी सहावर आली. आता तहान लागेल म्हणून तांब्या भरून ठेवला. दुपार कलली तरी राहीनं तांब्याकडं बघितलं नाही. उलट जागेवरनं हलली की करकर वाजायला लागली.

झुंबर पळत वारुळाकडं गेली. "मी तर मोजून कमी केलं."

आवाज म्हणाला, "चिमूट दाखव."

झुंबरनं माती उचलून दाखवली. आणि तिची तिलाच लाज वाटली. पहिल्या दिवशी तिनं दोन बोटांनी चिमूट घेतली होती. मग तीन बोटं झाली, मग चार. आता पाचही बोटं मिटत होती. चिमटी कमी झाल्या तशी चिमूट मोठी होत गेली, आणि हाताला कळलंसुद्धा नाही.

"अशी चिमूट असते होय? ही तर मुठीची धाकटी बहीण," आवाज म्हणाला. "आईच्या हाताला माप नसतं, झुंबर. पोरीच्या हातानं घेऊ दे. आणि तिला सांगितलंस का, कशासाठी ते?"

सांगितलं नव्हतं. लहान आहे, भिईल, म्हणून सांगितलं नव्हतं.

सातव्या सकाळी झुंबरनं राहीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. पाहुणी कोण, डबी कसली, हातावरच्या रेघा कुठं गेल्या. राहीनं आपला गुळगुळीत तळवा उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, "आण डबी." आणि तिनं तिच्या एवढ्याएवढ्याशा दोन बोटांनी चिमूट उचलली. दाणे ते किती, मोजले तर विसाच्या वर नसतील. अशा पाच.

पण नवव्या दिवशी, तीन चिमटींवर आल्यावर मात्र कहर झाला. पोरगी जमिनीवर लोळली, पेला भिरकावला, आणि म्हणाली, "तू माझी आई नाहीस. ती पांढरी बाई माझी आई. ती मला देईल." झुंबरच्या काळजाचं पाणी झालं. तिचे हात आपोआप डबीकडं जायला लागले. मग तिनं काय केलं ठाऊक आहे? दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पोर रडत होती, आई रडत होती, पण उठली नाही. रडून रडून राही तिच्याच कुशीत झोपली.

दुसऱ्या दिवशी दोन. चिमूट मोठी झाल्यानं लांबलेली खूण त्या दुपारी आली; राही म्हणाली, "आये, पाणी दे." झुंबरनं तांब्या दिला. राही घटाघटा प्याली. अकराव्या दिवशी एक. बाराव्या दिवशी राहीनं डबीचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं.

तेराव्या दिवशी दुपारी माळावर आवाज आला. करकर, करकर. पाहुणी दारात उभी. या खेपेला ती आणखी चकचकीत दिसत होती. तिच्या पायाशी सावली नव्हती.

"झाली का गोड? द्या, न्यायला आलेय."

झुंबरनं घोंगडं अंथरलं. "बसा, बाई. आमच्यात पाणी प्याल्याशिवाय पाहुणा बोलत नाही."

"पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना तुला," पाहुणी म्हणाली, आणि तिनं आत हात लांबवला. हात लांबतच गेला, चुलीपर्यंत.

तेवढ्यात राही रांजणापासून पुढं आली. दोन्ही हातांत तांब्या, कोपरापर्यंत हात ओले, थेंब टपटप गळतायत. एक थेंबही गोड नव्हता. तळव्यावर सगळ्या रेघा जशाच्या तशा उमटल्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, पाणी."

पाहुणीनं ते ओले हात बघितले. हात आखडता घेतला आणि एक पाऊल मागं सरली. राही सरळ पोर, तिला वाटलं पाहुणीला दिसला नाही तांब्या, म्हणून ती आणखी पुढं झाली. पाणी हिंदकळलं, दोन थेंब पाहुणीच्या पायावर पडले. फस्स झालं. मग ती वळली आणि गेली, ती लंगडत गेली. माळावर लांबपर्यंत एकाच पायाचे ठसे उमटले होते. झुंबरनं डबी उघडून बघितली. आत काही नव्हतं, तळाला नुसता गंज.

मग झुंबरनं चूल पेटवली. भाकरी थापली, भाजली, पापुद्रा सुटलेली गरम भाकरी राहीच्या हातात दिली. वर काही नाही, नुसती भाकरी. राहीनं घास घेतला आणि चावला, चावला, चावला. मग चावायची थांबली.

"आये, भाकरीत काय घातलंस?"

"काही नाही गं."

"मग गोड कशी लागतेय?"

झुंबरनं पदर तोंडाला लावला. आणि तेवढ्यात तिला उंबऱ्यावर काही हललेलं दिसलं. एक मुंगी आली होती. राहीच्या हातून पडलेला भाकरीचा कण तिनं उचलला आणि ती आत गेली. तिच्या मागून दुसरी, मग रांगच लागली.

पाऊस तोंडावर आला तसा बिरू मेंढरं घेऊन परतला. त्यांच्याकडं सणाला पुरण शिजायचं, पण सणालाच. पाहुण्याला गूळ मिळायचा, पण पाणी प्याल्यावर. त्या माळावर ती तिघं सुखानं राहिली, आणि राहीची करंगळीही नख येऊन बरी झाली.

चला, झाली गोष्ट. पांघरूण घ्या. नाही मंग्या, ती गोळी आज नाही. आणि उद्यापासून दुधात साखर तुझी तू घालायची, तुझ्या दोन बोटांनी. मी घालणार नाही. माझा हात फार मोठा आहे रे बाळा. मिट डोळे.