घूसमावशीचे तित्तर

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. निरोप पोचवायचं काम घूसमावशीकडे होतं. तिने प्रत्येक घराला वेगळं बीळ खणून दिलं होतं. या टोकाला बोललेलं त्या टोकाला नेमकं ऐकू यायचं. दुसऱ्याच्या शब्दाची मध्ये घुसायची बिशाद नव्हती.

पण ससे म्हणाले, "आम्ही दिवसभर चरत हिंडतो. बिळाशी कोण बसणार?"

"त्यात काय एवढं!" म्हणत मावशीने माळभर वीस तित्तर बसवले. सशाला कोल्हा दिसला की त्याने तित्तराला सांगायचं आणि तित्तराने सगळ्यांना. तित्तरांच्या गलक्यात कुणाचंच काही कळेना, तेव्हा मावशीने आणखी दहा आणले आणि बजावलं, "जोरात ओरडा!"

त्याच दुपारी कोल्ह्याने एका सशाच्या शेपटीचा गोंडा तोडून नेला.

"मी केव्हाचा हाका मारत होतो!" ससा रडकुंडीला आला.

टिटवी मावशीला म्हणाली, "तित्तराचा आवाज सशापर्यंत जातो हो, पण सशाचा बारीक आवाज तित्तरापर्यंत यायला नको? बिळात ज्याची त्याची हवा वेगळी होती. इथे उघड्यावर सगळ्यांच्या आवाजांना मिळून एकच."

"तू अंड्यात होतीस तेव्हापासून मी निरोप पोचवतेय!" मावशी फणकारली. तरी तिने वीस तित्तर घरी पाठवले आणि उरलेल्यांना हळू, एकेकाने बोलायला सांगितलं. मग आवाज पोचतो का ते बघायला ससा लांब जाऊन हाक मारू लागला. इकडे मावशीच्या तित्तरांना मोठमोठ्याने सूचना चालूच होत्या; हाक काही ऐकू येईना.

"अजून एक तोंड मिटायचं राहिलंय, मावशी," टिटवी म्हणाली.

सूचना देणारी मावशी गप्प झाली. माळाच्या पार टोकाकडून बारीक आवाज आला, "मावशी, आता तरी ऐकू येतंय का?"