दुर्पताचे हिरवे हात

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा तळणझरीत टमाट्याला टमाटा कोणीच म्हणत नव्हतं. भेदरं म्हणायचे. घरोघरी मागच्या दाराला वाडी, न्हाणीचं पाणी जाईल तिथे भेदराची चार झाडं, आणि दोन वाड्यांच्या मध्ये कंबरेएवढी मातीची भिंत. भिंत कंबरेएवढीच का, तर पलीकडे काय पिकलंय ते वाकून बघता यावं म्हणून, असं म्हणतात.

त्या गावात दुर्पताबाई राहायची. तिची भेदरं गावात सगळ्यांच्या आधी लाल व्हायची. हिवाळ्यात मरीमायचा भंडारा असायचा, रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि त्या भाजीच्या कढईत भेदरांची पहिली टोपली पडायची ती दुर्पताची. हा मान तिच्या सासूचा, सासूमागे तिचा. दुर्पताकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नाही, नवरा अबोल, गळ्यात एक काळी पोत. पण त्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन ती देवळाकडे निघाली की बाया बाजूला होऊन तिला वाट द्यायच्या. बाकीचं वर्ष ती त्या एका वाटेवर काढायची.

मग शेजारच्या रिकाम्या घरात सरसाबाई राहायला आली. नवरा वारलेला, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. येताना तिने माहेरचं बी आणलं होतं. त्याचं फळ फुगीर, भोपळ्यासारखं पाच कोरांचं, देठाशी हिरवं आणि खाली लालभडक. गावात असं भेदर कोणी पाहिलं नव्हतं. ते पहिलं फळ भिंतीपलीकडे दिसलं त्या दिवसापासून दुर्पताच्या पोटात दुखायला लागलं.

धुणं वाळत घालायला ती भिंतीशी जायची आणि धुणं वाळून पुन्हा ओलं व्हायची वेळ आली तरी तिथेच असायची. सरसाने वानोळा म्हणून वाटीभर भेदरं दिली, तर दुर्पता तोंड वाकडं करून म्हणाली, "आंबट लागतात वं तुहे." दार लावून मात्र तिने सगळी खाल्ली, वाटीच्या तळाचा रससुद्धा चाटला आणि मग रडली. कारण ती गोड होती.

अशात ते साल आलं. कार्तिक संपता संपता धुई, म्हणजे दाट धुकं, उतरली आणि उठेचना. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, सूर्य म्हणून काही आहे हे पोरं विसरली. गुरं भलत्याच्या गोठ्यात जाऊन बांधून घ्यायची. एक वरात चुकून दुसऱ्याच गावी गेली आणि जेवूनखाऊन परत आली, असं म्हणतात. मरीमायच्या भगताने सांगून टाकलं की धुई उठेल तेव्हाच भंडारा होईल.

आणि भेदरांवर करपा पडला. खालची पानं काळी, मग वरची, मग झाडच मान टाकायचं. बायांनी राख फुंकली, लिंबाच्या पाल्याचा धूर केला, कशाचा काही उपयोग झाला नाही. सगळ्यांत आधी दुर्पताची झाडं गेली. तिला झाड कसं गच्च भरलेलं लागायचं. सासूने शिकवलं होतं की नवा फुटवा कधी मोडू नये, मोडला तर झाड हाय खातं आणि मरतं. म्हणून तिने कधी एक डहाळी मोडू दिली नव्हती. त्या गच्च पाल्यात धुई जाऊन बसली ती बाहेरच आली नाही. घराघरातली झाडं उपटून उकिरड्यावर गेली. पुढच्या वर्षाचं बी यंदाच्या फळातून धरायचं, ते फळच राहिलं नाही. हिरवी राहिली ती फक्त सरसाची झाडं. तिने लावायलाच उशीर केला होता.

एक दिवस भगत सरसाच्या दाराशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, "औंदा पहिली टोपली तुहीच, सरसाबाई. दुसरं गावात हाये कोनाकडं?"

भिंतीअलीकडे दुर्पताच्या हातातलं सूप खाली पडलं.

बाजाराचा दिवस होता. भर दुपारी, पण धुईत हाताला हात दिसत नव्हता. सरसा बाजाराला गेलेली पाहून दुर्पता भिंत ओलांडून गेली. उपटलं तर लगेच कळेल, म्हणून तिने सासूची शिकवण उलटी वापरायची ठरवलं. फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात जिथे जिथे नवा फुटवा होता, तो तिने मोडला. खालची पानं ओरबाडली. "हाय खा," ती एकेका झाडाला म्हणत होती, "खा हाय, अन् मर." म्हणता म्हणता तिचे डोळे वाहत होते, कारण झाडं फार सुंदर होती आणि ती तिची नव्हती.

तेवढ्यात सरसाचं हसणं वाटेवर ऐकू आलं. फुटवे ओटीत भरून दुर्पता पळाली. न्हाणीमागे चिखलात अळूचं रान माजलं होतं. त्या पानांच्या आड तिने सगळे फुटवे चिखलात खुपसले आणि हात धुवायला बसली. भेदराचा पाला हाताळला की बोटं हिरवी-काळी होतात, हे तुम्हाला माहीत आहे. तिने राखेने धुतले, शिकेकाईने धुतले, विटेने घासले. पाणी हिरवं व्हायचं, हात तसेच. तो रंग पुढे जन्मभर गेला नाही, असं म्हणतात.

रोज सकाळी ती भिंतीशी जाऊन झाडं मेली का ते बघायची. झाडं मरेनात. गचपण गेलं तसा वारा आरपार खेळायला लागला, पानं कोरडी राहिली, करपा आला आणि बसायला जागा न मिळून निघून गेला. फुटव्यांना जाणारा रस फळांना मिळाला. दुर्पताच्या अंगाचा तिळपापड झाला. मारायला गेले तर उलट बाळसं धरलं! या बाईची झाडंसुद्धा आपल्याला जाळायलाच उगवली आहेत, असं तिला वाटलं. त्या जळफळाटात तिने आपल्या न्हाणीमागे कधी वाकून पाहिलंच नाही.

माघात एके दिवशी धुई उठली. भंडारा ठरला. बाया भगताला घेऊन वाजतगाजत सरसाची टोपली न्यायला आल्या आणि भिंतीवरून सवयीने दुर्पताच्या वाडीत डोकावल्या. अळूच्या पानांवर ऊन पडलं होतं, आणि पानांमधून लाल फळं वर आली होती. फुगीर, पाच कोरांची, देठाशी हिरवी. इतक्या थोड्या दिवसांत ती धरली कशी, ते मरीमाय जाणे.

ढोल थांबला.

भगत म्हणाला, "दुर्पते, हे तं सरसीचे भेदरं. तुह्या अळूत काहून?"

दुर्पताने हात पदराखाली घेतले. तेही उशिरा घेतले, सगळ्यांनी पाहिले होते. सासूपासूनचा मान गेला, आता नावही गेलं, उद्यापासून पाणवठ्यावर कोणी घागर उचलू लागणार नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

सरसा पुढे आली. तिने आपली मोडलेली बेचकी पाहिली, दुर्पताचा पदर पाहिला, आणि मग भिंत ओलांडून अळूतल्या फळाखाली तळहात धरून त्याचं वजन पाहिलं. आणि तिचा तो कायम हसरा चेहरा उतरला.

"हे माह्याहून मोठे हायेत," ती म्हणाली.



"माह्याच झाडाचे, अन् माह्याहून मोठे! असं काय केलं वं तू? काय घातलं?" तिचा आवाज चिरका झाला होता. दुर्पताला तो आवाज चांगला ओळखीचा होता. तो तिचाच आवाज होता, तिच्या पोटातला, दुसऱ्या बाईच्या तोंडून येत होता, आणि तो तिच्याकडे बघून येत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दुर्पतावर जळत होतं. तिला इतकं बरं वाटलं की पदराखालचे हात तिने आपसूक बाहेर काढले.

सरसा रागारागाने अळूत शिरली आणि त्या झाडांचे फुटवे काडकाड मोडून आपल्या ओटीत भरायला लागली. ते बघून मागच्या बायांनाही राहवेना. एकीने घेतले म्हणून दुसरीने घेतले, दुसरीला जास्त मिळाले म्हणून तिसरी भिंतीवरून उडी मारून आली. ज्या गावात भेदराचं बी उरलं नव्हतं, तिथे त्या संध्याकाळी घरोघर न्हाणीच्या चिखलात फुटवे खोचलेले होते.

देवळात टोपली आधी कोणाची यावरून दोघींची जुंपली. ढकलाढकलीत दोन्ही टोपल्या कढईत उलटल्या. आधी कोणाची पडली ते आजवर ठरलेलं नाही, आणि भाजी तशी पुन्हा झाली नाही, असं म्हणतात.

पुढे सरसा आधी वारली. तिची वाडी ओस पडेल असं लोकांना वाटलं. पण दुर्पता पहाटे तिकडे जाऊन पाणी घालायची, फुटवे काढायची, स्वतःच्या झाडांहून तिकडची झाडं चांगली वाढवायची. मग भिंतीच्या अलीकडे येऊन उभी राहायची आणि ओरडायची, "मेली, पन अजून तुहेच चांगले!" मरेपर्यंत तिने हे केलं. तिची चिता पेटली तेव्हा स्मशानात भेदराच्या पाल्याचा वास सुटला होता.

अजूनही तळणझरीत भंडाऱ्याआधीचा मंगळवार दुर्पताचा म्हणून पाळतात. त्या दिवशी बाया न विचारता शेजारणीच्या वाडीत शिरतात, फुटवे मोडतात, आणि घरी नेऊन लावेपर्यंत हात धूत नाहीत. चांगला शब्द बोलायचा नाही, नाक मुरडूनच बोलायचं. घरची बाई दार लावून आत बसते आणि कान देऊन ऐकते. आणि कोणाची झाडं कितीही रोडकी असोत, तिच्या भिंतीशी जाऊन कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणतंच, "बाई बाई, हिचेच कसे वं एवढे लाल?"

आत बसलेली बाई तेवढ्यासाठी वर्षभर झाडांना पाणी घालते.