गोगलगाय आणि घाबरट सेन्सर

उसाच्या मळ्यांमधल्या तळ्यात पहिला सेन्सर आला, तेव्हाची ही गोष्ट. पाण्यात खत वाढलं की त्याचा लाल दिवा पेटे, आणि तळ्याची राखणदार यमुनाबाई ओढ्याच्या तोंडाची फळी पाडून ते पाणी अडवी.

सेन्सरच्या काचेच्या डोळ्यावर शेवाळ धरायचं. गोगलगाय ते रोज खरवडून खायची. पण सेन्सर भारी घाबरट! चिमूटभर युरिया आला तरी लखलख सुरू.

"अरे, निजू देशील का जरा?" गोगलगाय एकदा वैतागलीच. "जा, उद्यापासून मी येणारच नाही."

"मावशी, मला खरंच भीती वाटते हो," सेन्सर पुटपुटला.

तीन दिवस ती फिरकली नाही. डोळ्यावर हिरवी साय चढली, सेन्सरला काही कळेना, दिवा गप्प. बेडूक म्हणाले, "शहाणा झाला की!"

चौथ्या सकाळी मरळ मासोळी रडत आली. "मावशी, माझी पिल्लं पाण्यावर तोंड काढून तडफडताहेत गं!"

गोगलगाय जिवाच्या आकांताने निघाली, तरी पोचायला दुपार झालीच. तिने शेवाळ खरवडलं मात्र, दिवा भडकला. यमुनाबाई धावली, फळी पाडली, कालव्याचं ताजं पाणी सोडलं. संध्याकाळी पिल्लं आईमागे पोहू लागली.

"मावशी, फार लखलखलो का हो?" सेन्सरने दबकत विचारलं.

गोगलगायीने त्याच्या डोळ्याचा उरलेला कोपराही खरवडून लख्ख केला. हल्ली ती त्याच्या दिव्याखालीच झोपते. पेटला की आधी आपल्याला जाग यावी म्हणून.